चिंध्या, चिंचोके आणि बालशिक्षण

(केज येथील पालक मेळाव्यातील व्याख्यान)

व्यासपीठावरील मान्यवर विश्वस्त, समाजातील वडीलधारी मंडळी आणि कडेवरच्या लहानग्यांना सांभाळीत मंडपाच्या अगदी मागच्या बाजूस बसलेल्या माताभगिनींनो,

सभेचा रिवाज असा की, प्रतिष्ठित मंडळी पुढे बसतात आणि मूल रडलेच तर चटकन उठून जाता यावे म्हणून माता मागे बसतात. आजच्या विषयापुरता हा क्रम उलटा समजावा. विषय आहे तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा व त्यांच्या घरांचा, आणि तो प्रथम मागच्या रांगांचा आहे. पुढच्या रांगांकडे, म्हणजे आजोबांकडे आणि दुकानावर बसणाऱ्या वडिलांकडे, तो ओघाने येईलच.

केजच्या कोणत्याही चौकात सकाळी उभे राहावे. पाठीवर अंगापेक्षा मोठे दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, सदऱ्यास टाचलेला रुमाल, अशी अडीच-तीन वर्षांची बालके गाडीत चढताना दिसतात. ती रडतात यात नवल नाही. नवल हे की, वर्षभरात त्याच बालकाची दुपारची झोप मोडून त्यास शिकवणीलाही धाडले जाते. कारण विचारले तर घरातील सूनबाई संकोचून सांगते, "शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि आमचे सारे शिक्षण मराठीतले. आम्ही काय शिकवणार ?" हे सांगणारी भगिनी बहुधा पदवीधर असते. तिला भक्तामर मुखोद्गत असते, महिन्याच्या किराणा मालाचा हिशेब ती कागदावाचून करते, आणि नणंदेच्या लग्नात पंचवीस साड्यांच्या रंगांची जुळणी तिनेच केलेली असते. तरीही साडेतीन वर्षांच्या स्वतःच्या मुलास शिकविण्यास ती स्वतःला अपात्र समजते. शाळेची फी, शिकवणीची फी, गाडीभाडे हे सारे खर्च परवडले; परंतु घराने घराविषयी करून घेतलेली ही समजूत फार महाग पडत आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मुलास शाळेत न घालता सर्वस्वी घरीच शिकविणारी काही कुटुंबे मुंबई-पुण्याकडे आहेत. त्यांची मुले पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षाही देऊ शकतात. तो मार्ग ज्यांना झेपतो त्यांनी तो विचारपूर्वक पत्करावा. सर्वांनी शाळा सोडाव्यात, असे आज सुचवावयाचे नाही. शाळेतून आल्यावर, किंवा शाळेत जाण्यापूर्वीच्या वर्षांत, घराने काय करावे एवढाच प्रश्न आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग थेट डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. त्या दीर्घ काळात बहुतेक घरांनी मुलाच्या हाती मोबाईल दिला आणि शाळा उघडण्याची वाट पाहिली. घराजवळ देण्यासारखे दुसरे काही नव्हते काय ?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच, आणि तेही फार पूर्वी, दिले गेले आहे.

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. मूल हातांनी, डोळ्यांनी, स्पर्शाने शिकते. त्यास योग्य साधन द्यावे आणि मोठ्यांनी मध्ये मध्ये लुडबूड करू नये, हे त्यांच्या पद्धतीचे थोडक्यात सार. पुढे गुजरातेत भावनगर येथे वकिली सोडून आलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. गिजुभाईंची कथा वडील मंडळींनी विशेष लक्षात घ्यावी. स्वतःस पुत्र झाला तेव्हा 'यास कसे शिकवावे' हा प्रश्न त्यांना पडला, आणि त्या घरगुती प्रश्नानेच ते बालशिक्षणाकडे वळले. त्यांच्या कार्यात मुंबईच्या पदवीधर ताराबाई मोडक सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

ताराबाईंना लवकरच एक अडचण जाणवली. मॉन्टेसरी साधने उत्तम. पण लाकडाची, मापात घडविलेली आणि महाग. ती शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांपुरतीच राहणार. १९४५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डी या खेड्यात गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षण केंद्र काढले. सोबतीस अनुताई वाघ होत्या. बालवाडी उघडली, परंतु गावाबाहेरच्या वस्त्यांमधील मुले तेथे येईनात. तेव्हा या दोन विदुषींनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतील एका अंगणात नेऊन मांडली. मुलांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे, गाणी, गोष्टी, आणि अंगणात जे सापडेल त्याची मोजणी व मांडणी ! बिया, पाने, शिंपले, खडे, माती हीच साधने झाली. त्या अंगणातील शाळेस 'अंगणवाडी' हे नाव पडले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द साऱ्या देशाचा झाला.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखावयास जात, म्हणून शिक्षक कुरणात गेले. ती 'कुरणशाळा' झाली. थोरली बहीण धाकट्यास सांभाळावे लागते म्हणून शाळेस येत नसे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे धाकटा पाळण्यात आणि थोरली वर्गात. एवढी साधी युक्ती शासनाच्या कचेऱ्यांना सुचली नव्हती ! ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हे सन्मान मिळाले.

ज्या अर्थी कोसबाडच्या टेकडीवर बिया आणि शिंपल्यांवर बालशिक्षण उभे राहू शकले, त्या अर्थी केजमधील एखाद्या व्यापारी कुटुंबाच्या घरात ते साधनांअभावी अडावे, हे पटण्यासारखे नाही. या समाजातील कित्येक घरांची कापडाची दुकाने आहेत. तेव्हा कापडापासूनच आरंभ करणे उचित होईल.

मॉन्टेसरींच्या साधनांत कापडाच्या तुकड्यांची एक पेटी आहे. सुती, रेशमी, लोकरी, तागाचे असे निरनिराळे तुकडे, प्रत्येकाचे दोन-दोन. मुलाने डोळे झाकून केवळ बोटांनी जोड्या लावावयाच्या. परदेशात ही पेटी विकत घ्यावी लागते. येथे ती दुकानाच्या काउंटरखाली चिंध्यांच्या रूपाने पडलेली असते. मांजरपाट, पॉपलीन, खादी, मलमल, मखमल, साटन, टेरिकॉट, जरीचा काठ असे आठ प्रकार घ्यावेत. प्रत्येकाचे वीतभर लांबीरुंदीचे दोन चौकोन कापावेत आणि कडा दुमडून शिवाव्यात. प्रथम तीनच जोड्या द्याव्यात आणि त्याही अगदी भिन्न. मखमल, मलमल, खादी. मग हळूहळू जवळच्या जातींची भर घालावी. पॉपलीन आणि मांजरपाट बोटांनी ओळखणे हे मोठ्यांसही सोपे नाही, मात्र सवयीने पाच वर्षांचे मूल ते ओळखू लागते. दुकानातील जुना मुनीम डोळे मिटून ठाण ओळखत असे, त्याची ही पहिली पायरी म्हणावी. मुलाने चुकीची जोडी लावली तर 'चुकले' असे म्हणू नये. त्याने डोळे उघडले की त्यास स्वतःस ते दिसते. साधनच त्याची चूक दाखविते, हे या पद्धतीतील मोठे मर्म आहे.

याच मालिकेत लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडांची साधने असतात. एका चौकटीस बटणे व काजे, दुसरीस हूक, तिसरीस नाड्या, चौथीस फितीच्या गाठी. घरात आजोबांचा जुना सदरा उशीवर चढवून बटणे लावावयास दिली तरी तेच काम होते. सकाळी शाळेच्या घाईत आई मुलाची बटणे झटपट लावून मोकळी होते, त्यात तिचा इलाज नाही. पण रविवारी दुपारी हा सदरा मुलास द्यावा आणि घड्याळाकडे पाहू नये. बोटांस बटण लावता येऊ लागले, मणी ओवता येऊ लागले, कणकेचा गोळा वळता येऊ लागला, की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत अक्षर गिरवण्याचे बळच आलेले नसते. त्या वयात चार रेघी वही भरून घेणे म्हणजे कच्च्या विटांवर स्लॅब टाकणे होय. पूर्वी तात्यापंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षर काढवून घेत, ते याहून अधिक शहाणपणाचे होते. ताटात रवा किंवा बारीक वाळू पसरावी, मुलाने बोटाने काढावे, ताट हलवावे, पुन्हा काढावे. तेथे चूक खोडावी लागत नाही.

रंगांचेही असेच आहे. शाळेत मूल लाल, निळा, पिवळा, हिरवा ही नावे इंग्रजीत शिकते आणि तेथेच थांबते. मराठी घरातील साड्यांचे कपाट उघडावे. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, मोरपिशी, पोपटी, अबोली, शेवाळी, विटकरी, केशरी, चिंतामणी ! यांतील प्रत्येक नावामागे एक वस्तू आहे. डाळिंब फोडून डाळिंबी पदराशेजारी ठेवावे. आमसूल आणून साडीशी ताडून पाहावे. मोराचे पीस मिळाले तर उत्तमच. आजीने सांगावे, मुलाने शोधावे. ज्या भगिनीस इंग्रजी न येण्याचा संकोच वाटतो, तिच्या कपाटात मुलाच्या शाळेतील तक्त्यापेक्षा अधिक रंगांची नावे आहेत.

आता मोजमाप. प्रथम वीत आणि हात. ओसरी किती हात आहे ? आईच्या हाताने आठ आणि मुलाच्या हाताने चौदा आली, की मूल गोंधळते आणि विचारते, "खरे कोणाचे ?" हा प्रश्न अमूल्य आहे. सर्वांसाठी एक माप का लागते, हे त्यास याच वेळी समजते. मगच दुकानातील लोखंडी मीटरपट्टी हातात द्यावी. दशमान मापे या देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तरी साडी आजही वारानेच बोलली जाते. एक वार म्हणजे ३६ इंच. आजीचे नऊवारी लुगडे गच्चीवर पसरावे, शेजारी आईची सहावारी ठेवावी, आणि दुसरी-तिसरीतील मुलाने दोन्ही मीटरने मोजावीत. नऊवार साधारण ८ मीटर २३ सेंटिमीटर आणि सहावार जवळपास साडेपाच मीटर. पदर वाऱ्याने उडतो, पट्टी सरकते, मोजणीत चारदोन बोटांचा फरक पडतो. पडू द्यावा. प्रत्येक विणकराचे लुगडेही काटेकोर नऊ वार असतेच असे नाही.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द मुलांच्या तोंडून नाहीसे होत आहेत, याची खंत कापडाच्या व्यवसायातील कोणासही वाटेल. गिऱ्हाईकाने 'पावणेदोन मीटर द्या' म्हटल्यावर शाळेत हुशार गणला जाणारा मुलगा वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. ज्येष्ठ मंडळींनी बालपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केली. ती पाचव्या वर्षी पुन्हा घोकून घ्यावी असा आग्रह नाही. त्या घोकंपट्टीत छड्याही होत्या, हे आजोबांनी विसरू नये. त्यापेक्षा एक चौकोनी रुमाल घ्यावा. एकदा घडी घातली, अर्धा. पुन्हा घातली, पाव. उघडला की चार घरे दिसतात. एक घर पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. शेजारी दुसरा रुमाल ठेवून त्याचे एक घर जोडले की सव्वा. पावणेदोन म्हणजे दोन रुमालांस एक घर कमी, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल पुढे अपूर्णांकास भीत नाही.

मराठी आकड्यांची नावे कठीण आहेत, हेही मान्य करावे. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेपन्न' या शब्दासोबत 'पन्नास तीन' असे वाचन आले आणि महाराष्ट्रभर वाद झाला. त्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचा मुद्दा मुलांच्या अडचणीचा होता. वादात कोणाची बाजू घ्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे. घरात मात्र दोन्ही साधते. तुरीच्या काड्यांचे सारखे तुकडे करून दहा-दहांच्या जुड्या दोऱ्याने बांधाव्यात. पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या पुढ्यात ठेवल्या की 'पन्नास आणि तीन' ते पाहते आणि 'त्रेपन्न' आजीकडून ऐकते. एकोणसाठ म्हणजे साठास एक उणा, हे तर जुडीतून एक काडी काढून घेतली की न सांगता समजते.

गणित आणि स्वयंपाकघर यांचा संबंध आजचा नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्य यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. गणित कोठे कोठे उपयोगी पडते, हे सांगताना आचार्यांनी संगीत, नाट्य, वैद्यक, वास्तुविद्या यांच्या जोडीस पाकशास्त्रही गणले आहे. गळ्यातील कंठ्याप्रमाणे दोन्ही टोकांकडून सारखेच दिसणारे गुणाकारही त्यांनी दिले. १३९ गुणिले १०९ केले की १५१५१ येतात. १२३४५६७९ या संख्येस ९ ने गुणले की नऊ एकांची माळ तयार होते. तिसरी-चौथीतील मुलास हा गुणाकार पाटीवर करावयास द्यावा आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. मधला आठ गाळलेला आहे, हे त्याचे त्यानेच शोधून काढावे.

लहानांसाठी तूर, हरभरा, मूग, शेंगदाणे एका परातीत मिसळून निवडावयास देणे पुरेसे आहे. सकाळी मंदिरात अक्षतांचा स्वस्तिक काढताना मुलाचा हात आपल्या हातात धरावा. सरळ रेघ, काटकोन आणि चार सारखी टोके हे त्याचे पहिले भूमितीचे पाठ होत. अंगणात ठिपक्यांची रांगोळी असेल तर मधल्या ओळीत सात, वर आणि खाली सहा, पाच, चार असे ठिपके मुलाने द्यावेत. एकंदर ठिपके किती ? आधी मोजून आणि मग ओळी जोडून, दोन्ही रीतींनी सदतीस आले की त्यास जो आनंद होतो तो बक्षिसाचा नसतो. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती हरभरे, चिंचोके, मणी, बटणे मुळीच देऊ नयेत. ती नाकात, कानात किंवा घशात जातात. मोठ्या मुलांच्या खेळातही वडील माणूस जवळ हवे.

कापड हे पुस्तकही होऊ शकते, हे केजकरांस दूर जाऊन शिकावे लागत नाही. जवळच्या अंबाजोगाईत संतकवी दासोपंत (१५५१-१६१५) यांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा पासोडीवर 'पंचीकरण' हा विषय अक्षरे आणि आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला. विषय गहन वेदान्ताचा. परंतु गुंतागुंतीची गोष्ट एका दृष्टिक्षेपात दिसावी म्हणून ती कापडावर पसरावी, ही कल्पना मुलांसही भावते. मुलांना घेऊन अंबाजोगाईस जावे, ही गोष्ट सांगावी, आणि घरी आल्यावर एक जुनी पांढरी चादर अंथरावी. त्यावर कोळशाने किंवा खडूने मुलाने घर काढावे. मग घरापासून दुकान, दुकानापासून मंदिर, बसस्थानक, शाळा, आत्याचे घर. डावीकडे की उजवीकडे, आधी काय आणि नंतर काय, यावर भावंडांत भांडण होईल. ते होऊ द्यावे. नकाशावाचन त्या भांडणातूनच सुरू होते. चादर धुतली की दुसऱ्या रविवारी धनेगावच्या मांजरा धरणाची वाट काढता येते.

याच चादरीचा आणखी एक उपयोग जैन घरांस विशेष जवळचा वाटेल. आज सर्वत्र विकला जाणारा सापशिडीचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला आणि तेथून रंगीत पुठ्ठ्यावर छापून परत आला. त्याचे मूळ भारतीय पट कापडावर किंवा कागदावर हाताने रंगविलेले असत. महाराष्ट्रात त्यास मोक्षपट म्हणत. जैन परंपरेत त्याचे नाव ज्ञानबाजी, आणि तिच्या अनेक पटांवर चौऱ्याऐंशी घरे असत. सापाच्या तोंडी क्रोध, मान, माया, लोभ. शिडीच्या पायथ्याशी दया, दान, तप. आणि शिखरावर सिद्धशिला. पर्युषणाच्या दिवसांत श्रावक कुटुंबे तो खेळत असत. बाजारातील पटावर आता केवळ आकडे उरले आहेत. साप का गिळतो याचे कारणच राहिलेले नाही.

हा पट घरी तयार करणे हाच दोन-तीन आठवड्यांचा उद्योग होतो. चादरीवर बारा आडव्या ओळी आणि सात उभ्या ओळी आखल्या की चौऱ्याऐंशी घरे झाली. आकडे मुलाने घालावेत. एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून. साप आणि शिड्या रंगीत कापडाच्या पट्ट्यांच्या करून आईने टाचाव्यात. कोणत्या घरी कोणता दुर्गुण लिहावा, हे मुलांस विचारावे. 'धाकट्याचे खेळणे हिसकावणे' हा दुर्गुण सत्तराव्या घरी असावा असे एखादी थोरली बहीण सुचवील, आणि धाकटा म्हणेल, 'खोटे सांगणे' त्याच्याही वर असावे ! दानासाठी कवड्या किंवा फोडलेले चिंचोके घ्यावेत. कवडीचे दान मोजणे, घरे पुढे सरकणे, पंचावन्नवरून चार पुढे म्हणजे किती, हे सारे अंकगणित हसत-खेळत होते. आणि हरणे ! आज एकुलत्या मुलास हरण्याची सवयच नाही. पंचाहत्तराव्या घरी पोहोचून सापाने तिसऱ्या घरी आणले, तरी पट न उधळता पुन्हा कवडी हाती घेणे, हा धडा शाळेच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

भाषेविषयी थोडे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे, आणि त्या वयात शक्यतो घरच्या भाषेत व खेळातून शिकवावे असे म्हटले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने 'जादुई पिटारा' या नावाने खेळणी, कोडी, बाहुल्या आणि पुस्तके यांचा संचही काढला. म्हणजे ताराबाई मोडक यांनी जे १९४५ मध्ये बोर्डीच्या अंगणात केले, ते धोरणात यावयास पंचाहत्तर वर्षे लागली. घरात मराठी, मारवाडी, गुजराती जी भाषा बोलली जाते ती निःसंकोच बोलावी. आईने मोडक्या इंग्रजीत दहा शब्द बोलण्यापेक्षा स्वतःच्या भाषेत पंधरा मिनिटे गोष्ट सांगावी. गोष्ट अर्धी ठेवून 'पुढे काय झाले असेल ?' असे विचारावे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. घरात त्याचे जुने अंक असतील तर ते रद्दीत देऊ नयेत. पावसाळ्यात भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग निघाली तर मुलासोबत उकिडवे बसून पाहावे. तिला धक्का लावू नये. त्या काय नेत आहेत, कोठे नेत आहेत, एवढेच बोलत राहावे. अहिंसेचा आणि निरीक्षणाचा पाठ एकाच वेळी होतो, आणि तेथे माध्यमाचा प्रश्नच येत नाही.

आता पुढच्या रांगा. दुकान रात्री नऊला बंद होते, तोवर मूल झोपलेले असते, ही व्यापाऱ्याची खरी अडचण आहे. त्यावर उपाय एकच, मुलास आठवड्यातून एकदा तासभर दुकानात आणावे. परंतु गल्ल्याशेजारी मोबाईल देऊन बसवू नये. घड्या घालावयास द्याव्यात, रुमाल डझनाने मोजावयास द्यावेत, ठाणांची चिठ्ठी वाचावयास द्यावी, गिऱ्हाईकास पाणी द्यावयास सांगावे. घडी वाकडी होईल, नोकरास पुन्हा घालावी लागेल. आजोबांनी मात्र शिकविण्याच्या भरात परीक्षा घेऊ नये. 'सांग पाहू, सात आठे किती ?' असे पाहुण्यांसमोर विचारले की मूल आजोबांच्या मांडीवरून उतरते, आणि काही मुले पुन्हा त्या मांडीवर चढत नाहीत.

शेवटी एक प्रस्ताव आहे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून, केज तालुक्यातून, हजारो कुटुंबे ऊसतोडणीस पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात. तरीही कित्येक लहान मुले आईवडिलांबरोबर जातात आणि वसंत सरेपर्यंत उसाच्या फडाशेजारी कोपीत राहतात. थोरली बहीण धाकट्यास सांभाळते. कोसबाडला ताराबाईंना आणि अनुताईंना जी थोरली बहीण भेटली होती, तीच ही. जाण्यापूर्वी ही कुटुंबे धोतर, लुगडे, मुलांचे कपडे घ्यावयास येथल्याच दुकानांच्या पायऱ्या चढतात. समाजातील भगिनींनी दुकानांतील कटपीसच्या पिशव्या शिवाव्यात. प्रत्येक पिशवीत कापडाच्या सहा जोड्या, दहा काड्यांच्या तीन जुड्या, घडी घालून ठेवता येईल असा कापडी पट, खेळास चार कवड्या, एक पाटी आणि दोन लेखण्या घालाव्यात. मूल तीन वर्षांच्या आतले असेल तर कवड्यांच्या जागी कापडाचा चेंडू घालावा. खरेदीस आलेल्या मुलीस दुकानातच पाच मिनिटे बसवून पट खेळून दाखवावा, म्हणजे कोपीपुढे ती धाकट्यास खेळवू शकेल.

मापे अशी धरावीत. पिशवी एक हात लांब, पाऊण हात रुंद. कापड जाड, मळखाऊ रंगाचे. तोंडाशी नाडी ओवावी, चेन लावू नये; चेन महिन्याभरात बिघडते, आणि नाडीची गाठ बांधणे-सोडणे हेही मुलाच्या बोटांस कामच आहे. पोळ्यानंतर शिवणकाम सुरू केले तर दिवाळीपर्यंत पिशव्या तयार होतील. ज्या भगिनींस यात भाग घ्यावयाचा असेल त्यांनी सभा संपल्यावर मागच्या दाराशी नावे नोंदवावीत. चिंध्यांची दोन पोती तेथे आणून ठेवलेली आहेत.

जय जिनेंद्र !